नळीतले मीठ : थ्री-नॉट-थ्रीच्या साफसफाईची गोष्ट

पावसाळ्यात सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये कोयता दोन दिवस कुडाला खोचून ठेवला, की पात्यावर तांबूस पूड दिसू लागते. मुरबाड-शहापूरच्या माणसाला गंज म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. कोयत्याचे एक बरे असते. दगडावर चार हात मारले की पाते पुन्हा पांढरे होते, लोखंड थोडे झिजले तरी कोणाचे काही अडत नाही. बंदुकीच्या नळीला ही सवलत नाही. नळीच्या आतले लोखंड एकदा खाल्ले गेले की ते भरून येत नाही, आणि ते घासून गुळगुळीत करायला गेले तर उरलेलेही जाते.

या भागात जुन्या बंदुकांचे कुतूहल आहे आणि त्याला कारणही आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याआधी काही महिने त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले होते. त्या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पुढेही लिहिले जाईल. माझी वाट त्या इतिहासाच्या कडेकडेने जाते. त्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या आणि पोलिसांच्या हातात ज्या जातीच्या बंदुका होत्या, त्यातल्या काही आज ऐंशी-शंभर वर्षांनीही शाबूत कशा, आणि त्यांच्याच शेजारी ठेवलेल्या काहींच्या नळ्या आतून वाळवी लागल्यासारख्या का, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर लढाईपेक्षा साफसफाईत जास्त सापडते.

बंदूक म्हणजे इथे मुख्यतः ली-एनफिल्ड, आपल्याकडची ‘थ्री-नॉट-थ्री’. गोळ्यांची पेटी आणि बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या कारागिराची, नळीतले आटे इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्याचे, म्हणून हे जोडनाव. १९०७ साली तिचा ‘मार्क थ्री’ नमुना ठरला आणि बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिली. तिची काडतुसे आपल्या पुण्याच्या खडकीत होत. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे दिसली की ती खडकीची. सैन्याने ही रायफल सोडली तेव्हा ती पोलीस, होमगार्ड आणि एनसीसीकडे आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत काही पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

अमेरिकेत सैन्याने काढून टाकलेल्या रायफली दुकानात विकत मिळतात, अगदी ईशापूरच्यासुद्धा, आणि हौशी लोक त्या घरी नेऊन साफ करत बसतात. आपल्याकडे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ हा निषिद्ध बोअर आहे, सामान्य परवान्यावर तो मिळत नाही. तेव्हा आपल्याकडची ‘जुनी लष्करी रायफल’ म्हणजे पोलीस शस्त्रागारातली, एनसीसीच्या कोतातली, नाहीतर संग्रहालयाच्या काचेआडची. ती साफ करणारा माणूस म्हणजे आर्मरर, हवालदार किंवा कॅडेट. परवानाधारक नागरिकांकडे असते ती .३१५ ची ईशापूर स्पोर्टिंग रायफल. तिची यंत्रणा ली-एनफिल्डच्याच घराण्यातली असल्याने पुढचे बहुतेक सारे तिलाही लागू आहे.

आता नळीकडे वळू. एनफिल्डच्या नळीत पाच आटे असतात, डाव्या हाताला वळत जाणारे, दर दहा इंचांना एक पूर्ण वळसा घेणारे. या आट्यांची खोली किती, तर दोन केस एकावर एक ठेवल्यावर होईल त्याहून जेमतेम जास्त. गोळीला फिरकी मिळते ती एवढ्याशा चरांतून. त्यांत काजळी, धातू आणि गंज यांचे थर बसले तर गोळी आट्याऐवजी थरावरून घसरत जाते आणि नेम हातभर चुकतो.

घाणीचा हा प्रश्न रायफलीइतकाच जुना आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही, तो घन राखेच्या रूपात मागे उरतो. ठासणीच्या बंदुकीचे चार-पाच बार काढले की पुढचा बार ठासायला गज जड जातो, तो यामुळे. आट्यांच्या नळीत तर गोळी घट्ट बसवावी लागते, म्हणून राख मऊ राहावी यासाठी काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. १८५७ साली ज्या चरबीवरून एवढा वणवा पेटला ती चरबी नळीतल्या घाणीवरचा उपाय होती, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. त्या उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती काही काळ बिनआट्याच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. पुढे ईशापूरला .३०३ रायफलींचीच नळी गुळगुळीत करून पोलिसांसाठी .४१० मस्केट बनवली, ती त्याच धोरणाची नात. लांब पल्ल्याचा नेम शिपायाच्या हाती नको, हा हिशेब.

ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या जुन्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बार काढून झाले की नळी गरम पाण्याने धुवायची. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते पाण्यात सहज विरघळतात. धुताना सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्यातल्या गंधकाच्या संयुगाचा. पाणी काळे यायचे थांबले की नळी उन्हात तापवायची आणि तेलाचा हात फिरवायचा. एवढी सोपी रीत.

मग १८८९ च्या सुमारास कॉर्डाइट आले, बिनधुराची दारू. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडी खनिज जेली यांचे शेवयांसारखे पिवळट धागे. धूर गेला, राख गेली, आणि हळूहळू गरम पाणीही विस्मरणात गेले. नळी मागच्या बाजूने पाहिली तर चकचकीत दिसे. मग तेलाची चिंधी ओढली की काम संपले, अशी समजूत रुळली. पण कॉर्डाइटने दोन नवी दुखणी आणली होती.

पहिले दुखणे उष्णतेचे. आधीच्या ली-मेटफर्ड रायफलीत विल्यम मेटफर्डने आखलेले उथळ, गोलसर कडांचे सात आटे होते. काळ्या दारूची राख कोपऱ्यांत अडकू नये म्हणून ती आखणी, आणि त्या कामी ती उत्तमच होती. कॉर्डाइटच्या ज्वाळेने हे उथळ आटे काही हजार गोळ्यांतच झिजवून टाकले. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डचे सरळ कडांचे, खोल पाच आटे आले. एका घाणीसाठी केलेली रचना दुसऱ्या दारूने मोडीत काढली.

दुसरे दुखणे जास्त कपटी आहे, आणि या लेखाचा जीव त्यात आहे. काडतुसाच्या बुडाशी टोपी असते. घोडा पडला की तिच्यातला स्फोटक पेटतो आणि त्याने दारू पेटते. .३०३ च्या जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट, अँटिमनी सल्फाइड आणि पोटॅशियम क्लोरेट असे. हे क्लोरेट आपला प्राणवायू देऊन टाकते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. नाव मोठे आहे, पण ही आपल्या जेवणातल्या मिठाची सख्खी चुलत बहीण. प्रत्येक गोळीबरोबर या मिठाची अतिसूक्ष्म फवारणी नळीभर होते. डोळ्याला काहीही दिसत नाही.

कितीतरी वर्षे लोकांना वाटे की गंज दारूतल्या आम्लामुळे चढतो. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की खरा गुन्हेगार टोपीतले हे मीठ आहे आणि तेलाच्या थराखालीही ते आपले काम करत राहते. मीठ तेलात विरघळत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीवर तेल ओतून काय होईल ते कोणतीही गृहिणी सांगेल. ही तेवढीच साधी गोष्ट आहे.

आता यात आपला मुलूख घाला. पोटॅशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते ते आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की. त्याखाली ते बरेचसे निपचित पडून असते. राजस्थानात रायफल न धुता आठवडाभर ठेवली तर कदाचित निभावेल. जुलैत माळशेजच्या या अंगाला, जिथे घरातल्या भिंतीही घामेजतात, तिथे एका रात्रीत नळीभर खारे पाणी तयार होते. क्लोराइड पोलादावरचा संरक्षक पापुद्रा फोडते आणि खड्डा पाडते. खड्ड्यात मीठ साठते, पुढच्या गोळीबारात त्यावर काजळी आणि तांबे लिंपले जाते आणि आत गंज चालूच राहतो. गोळी नसलेल्या सलामीच्या काडतुसांनी तर हे जास्तच होते, कारण घाण पुढे ढकलून नेणारी गोळीच नसते. वर्षातून दोन-चारदा सलामीपुरती बाहेर निघणारी रायफल रोज वापरातल्या रायफलीपेक्षा खराब का असते, याचे कोडे इथे सुटते.

जर्मनीत आणि अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरेट नसलेल्या टोप्या निघाल्या आणि आजची बहुतेक काडतुसे तशीच असतात. जुन्या लष्करी काडतुसांवर मात्र तसा भरवसा ठेवू नये. आणि ज्या रायफलीने पन्नास वर्षे क्लोरेट पचवले आहे तिच्या खड्ड्यांतले मीठ नव्या काडतुसांनी निघून जात नाही.

तर अशी वर्षानुवर्षे साठलेली नळी साफ कशी करावी? सुरुवात साफसफाईने नव्हे, तपासणीने करावी. पेटी काढा, बोल्ट बाहेर घ्या, चेंबर डोळ्याने पाहा आणि बोटानेही चाचपा. बोल्टवरचा आणि रायफलवरचा क्रमांक एक आहे ना ते बघा. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घातला तर काडतुसामागची फट बदलते आणि ते जिवावर बेतू शकते. मग मागच्या बाजूने पांढरा कागद किंवा बॅटरी धरून तोंडाकडून नळीत पाहा. आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. मध्ये कुठे काळी कडी दिसली तर नळी तिथे फुगलेली असण्याचा संभव आहे. अशी नळी साफ करून उपयोग नाही, ती आर्मररकडे जावी. दस्त्यावर पांढरे पट्टे आणि ‘डी पी’ अक्षरे असतील तर ती फक्त कवायतीची रायफल. तिच्या चेंबरला बहुधा मुद्दाम भोक पाडलेले असते, तिच्यातून गोळी कधीच झाडायची नाही. आणि अडलेली नळी ‘एक गोळी मारून मोकळी करू’ हा विचार मनातही आणू नये.

पहिले औषध पाणी. चांगले उकळते पाणी. नळीचे तोंड खाली, बादलीत, आणि मागून नरसाळे लावून किटली रिकामी करायची. इंग्रजी फौजेत यासाठी खास वाकड्या तोंडाचे नरसाळे असे. उकळते का, याला दोन कारणे. गरम पाण्यात हे मीठ थंड पाण्यापेक्षा बरेच जास्त विरघळते, आणि पाण्याने नळी इतकी तापते की ओतणे थांबवताच ती आपोआप सुकते. कोमट पाण्याने धुणारे लोक गंजाला आमंत्रण देतात आणि मग दोष पाण्याला देतात. पाणी लाकडाखाली जाऊ देऊ नये. मात्र त्यासाठी पुढचे लाकूड उतरवण्याच्या भानगडीतही पडू नये. एनफिल्डची नळी लाकडात जशी बसवली आहे त्यावर नेम अवलंबून असतो, म्हणून शिपायाला ते उतरवायची मनाई असे.

सुकल्यावर काजळीची पाळी. तेलकट विद्रावक किंवा तेही नसेल तर रॉकेल ब्रशला लावून दहा-वीस फेऱ्या, मग रात्रभर मुरू द्यायचे. ब्रश फॉस्फर ब्राँझचा हवा. लोखंडी तारेचा नको. रॉकेल काजळी सोडवते, मीठ सोडवत नाही, हे पुन्हा सांगतो, कारण ‘आम्ही रॉकेलने धुतो’ हे वाक्य मी फार ऐकले आहे.

फौजेतले साधन म्हणजे पुलथ्रू. पितळी वजन, दोरी आणि तीन फासे. वजनाजवळचा पहिला फासा तारेच्या जाळीसाठी, दुसरा फ्लॅनेलच्या चिंधीसाठी, तिसरा अडकलेले बाहेर काढायला. चिंधी पुसण्यासाठी चार बाय दोन इंच, तेलासाठी चार बाय दीड, म्हणजे तेल पिळून निघत नाही. यात फार शहाणपण आहे. पण पुलथ्रूने नळ्या वाचल्या तशा मेल्याही. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाला घासते आणि वर्षानुवर्षांत तिथे चर पडतो, गोल तोंड अंड्यासारखे होते. आतून आरशासारखी आणि तोंडाशी दोरीने खाल्लेली नळी ही आळशी माणसाची नव्हे, फार उत्साही माणसाची निशाणी असते. म्हणून दोरी सरळ रेषेत, एका दमात ओढावी. शक्य असेल तर बोल्ट काढून मागच्या बाजूने सळई वापरावी. तारेची जाळी तर परवानगीशिवाय वापरू नये असाच दंडक होता.

चिंधी काय सांगते ते वाचता आले पाहिजे. काळी आली तर दारूची काजळी. तपकिरी-तांबूस आली तर गंज. हिरवट-निळी आली तर तांबे. गोळीवरच्या तांबट वेष्टनाचा पातळ थर आट्यांवर चोपडला जातो आणि तो काढायला अमोनिया लागतो. औषधी दुकानातला द्राव किंवा त्यासाठीचा तयार विद्रावक, दोन्ही चालतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ब्लीचिंगचे पाणी असू नये, कारण दोहोंच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. अमोनिया लावून पाच-दहा मिनिटांनी कोरडी चिंधी ओढली की ती निळी येते. इथे एक गंमत आहे. ब्राँझच्या ब्रशवरही अमोनिया चढतो, म्हणून ब्रश वापरला तर नळी स्वच्छ असूनही चिंधी निळीच येत राहते आणि माणूस दिवसभर घासत बसतो. तांब्यासाठी सुती चिंधी किंवा नायलॉनचा ब्रश वापरावा.

फार घाण झालेल्या नळीत हे एका फेरीत होत नाही. काळे निघते, खाली निळे लागते. निळे निघते, त्याखाली पुन्हा काळे. सिद्धगडाच्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक दिसतात ना, तसाच हिशेब. प्रत्येक थराला त्याचे औषध, मध्ये प्रत्येक वेळी पुसणे, आणि काम तीन-चार दिवसांवर जाणे स्वाभाविक. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या गोळ्यांवर तांबे-निकेलचे वेष्टन असे. त्याचे रुपेरी गोळे आट्यांत चिकटतात आणि साध्या अमोनियाला दाद देत नाहीत. त्यासाठी जुने आर्मरर नळीला बूच मारून अमोनियम परसल्फेटचा तीव्र द्राव भरत. तो वेळेत काढला नाही किंवा नळीत सुकला तर पोलादच खातो. हा प्रयोग शिकाऊ माणसाने करू नये, आणि खरे तर आता कोणीच करायची गरज नाही. रुपेरी डाग थोडा राहिला तरी बिघडत नाही.

थांबायचे कधी, हे ठरवणे सर्वांत अवघड. चिंधी पांढरी आली आणि तरीही नळी काळपट, दाणेदार दिसते, असे पुष्कळदा होते. ते गंजाचे जुने व्रण आहेत. ते निघणार नाहीत, आणि आट्यांच्या कडा शाबूत असतील तर अशी नळीही बऱ्यापैकी नेम धरते. याच टप्प्यावर लोक पॉलिश पेपर हातात घेतात. ऑडिटच्या आदल्या दिवशी सळईला पॉलिश पेपर गुंडाळून नळी चमकवण्याची पद्धत काही ठिकाणी होती, हे मला एकाहून अधिक निवृत्त मंडळींनी हसत हसत सांगितले आहे. तपासणी करणारा अधिकारी चमक पाहून खूश, आणि रायफल त्या दिवसापासून लाठीच्या किमतीची. चमक हा निकष ज्याने ठरवला त्याने गंजापेक्षा जास्त नळ्या मारल्या असतील, असे माझे मत झाले आहे.

संग्रहालयातल्या किंवा स्मारकातल्या बंदुकीचे शास्त्र अगदी वेगळे. ती चालवायची नसते, तेव्हा तांबे काढायचा हट्ट नको. नळीतले थर हाही त्या वस्तूचा इतिहास आहे. कोणत्या जातीची गोळी तिच्यातून गेली याचा माग त्यात असतो, आणि अमोनिया तो एका दुपारी पुसून टाकतो. अशा ठिकाणी फक्त मीठ काढावे, कोरडे करावे, हलका तेलाचा हात द्यावा आणि नळीच्या तोंडाला लाकडी बूच किंवा चिंधीचा बोळा कधीही ठोकू नये. बोळा ओल धरतो. ‘धूळ जाऊ नये’ म्हणून ठोकलेल्या बोळ्याखाली बोटभर नळी कुजलेली मी पाहिली आहे. आधी फोटो, मग नोंद, मग हात, हा क्रम पाळावा.

वापरातल्या रायफलीसाठी मात्र शेवटचे काम तेल लावल्यावर सुरू होते. तेल लावून ठेवलेली नळी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसून पाहावी, मग तिसऱ्या दिवशी, आणि पावसाळा असेल तर आठवडाभर. चिंधीवर तपकिरी छटा आली तर मीठ अजून आत आहे, पुन्हा किटली चढवावी. सलग तीन चिंध्या स्वच्छ आल्या की तेलाची बारीक चिंधी ओढून रायफल कोतात उभी ठेवावी, आणि पुढच्या गोळीबाराआधी नळीतले तेल कोरडे पुसून घ्यावे.